कुत्र्याचे मागचे पाय अचानक गेले तर पहिल्या दिवशी काय करायचं (मांजरवाल्यांनीही वाचा)

आमच्याकडे चकली नावाची डॅशहंड आहे. तेव्हा पाच वर्षांची होती. पुण्यात डहाणूकर कॉलनीत दुसरा मजला, लिफ्ट नाही, आणि ह्या बाईसाहेब दिवसभर सोफ्यावर उडी, सोफ्यावरून उडी. एका रविवारी संध्याकाळी पोळ्या लाटायचा आवाज आला तरी ती ओट्यापाशी आली नाही, कोपऱ्यात पाठ कमानीसारखी करून थरथरत उभी. आम्हाला वाटलं पोट दुखत असेल. सोमवारी मागून झोकांड्या द्यायला लागली, आईने तिळाच्या तेलाने पाठ चोळून दिली, मग जवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी कॅल्शियम कमी पडलंय सांगून दोन इंजेक्शनं दिली आणि म्हणाले रोज थोडं चालवा. आम्ही चालवलं, वर जिनासुद्धा चढवला. मंगळवारी सकाळी ती पुढच्या दोन पायांवर सरपटत, मागचं सगळं धूड ओढत स्वयंपाकघरात आली, आणि शेपूट हलत नव्हती.

ते दोन दिवस आम्ही कसे घालवले ते आठवलं की अजून पोटात कालवतं, म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. पण तेव्हा जे कळायला हवं होतं ते नंतर तीन-चार डॉक्टरांना विचारून, प्रश्न विचारून विचारून त्यांना वैताग आणून समजून घेतलंय.

सगळ्यात आधी ठरवायचं की प्रकरण पायाचं आहे की नसेचं. पाय दुखतो तेव्हा कुत्रा तो पाय उचलून धरतो किंवा जेमतेम टेकवतो, पण पाय कुठे ठेवतोय हे त्याला नीट माहीत असतं. पुढचा पाय दुखत असेल तर दुखरा पाय जमिनीला लागला की डोकं वर जातं आणि चांगला पाय पडला की खाली येतं, हे एकदा लक्षात आलं की रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्यात दिसायला लागतं. नसेचं दुखणं वेगळं दिसतं. पाय उचलला जात नाही, घासला जातो, नखं पुढून झिजलेली असतात, चालताना पाय एकमेकांत अडकतात, दारू प्यायल्यासारखी चाल. घरी एक साधी गोष्ट बघता येते. कुत्र्याला उभं करून पोटाखालून आधार द्या आणि एक मागचा पंजा हळूच उलटा करून वरची बाजू जमिनीला टेकवा. धडधाकट कुत्रा लगेच, सेकंदाच्या आत पंजा सरळ करतो. तो तसाच उलटा ठेवून कुत्रा तुमच्याकडे बघत राहिला तर पाऊल कुठे आहे हा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाहीये. मग पाय दाबत बसू नका, कणा तपासायला लागणार आहे. मांजरीवर हे करायला जाऊ नका, ती तुमचाच पंजा उलटा करेल.

आणि हो, कितीही लाडका असला तरी दुखणारा कुत्रा चावतो. हात लावायच्या आधी सुती पट्टीने तोंड सैलसर बांधा, फक्त उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर बांधू नका.

डॅशहंडचं असं का होतं ते मला एका सर्जनबाईंनी सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. मणक्यांच्या मधे ज्या गाद्या असतात त्या उकडीच्या मोदकासारख्या समजा, बाहेर पारी, आत मऊ सारण. बुटक्या पायांच्या जातींत, म्हणजे डॅशहंड, बीगल, पेकिंगीज वगैरे, हे सारण अगदी लहान वयातच सुकून कडक व्हायला लागतं, त्यात चुना जमतो. मग एक दिवस साध्या उडीने पारी फाटते आणि ते कडक सारण वर मज्जारज्जूवर जाऊन आदळतं. बहुतेक वेळा हे पाठीच्या मधोमध, शेवटच्या बरगडीच्या आसपास होतं, म्हणून पुढचे पाय शाबूत आणि मागचे गेलेले. आपल्याकडे लोक म्हणतात वारं गेलं. मग कोणी पारव्याचं रक्त चोळायला सांगतं (वरच्या मजल्यावरच्या काकांनी मनापासून सांगितलं होतं हो, रागवता पण येईना), कोणी मालिश सांगतं. फाटलेली गादी चोळल्यावर, चालवल्यावर अजून सारण बाहेर येतं. आम्ही तेच केलं होतं.

डॉक्टर याच्या पाच पायऱ्या मोजतात. पहिलीत फक्त दुखतं, चाल ठीक. दुसरीत झोकांड्या पण चालतो. तिसरीत उभं राहता येत नाही पण पाय हलतात. चौथीत पाय अजिबात हलत नाहीत पण बोट जोरात चिमटलं तर कळतं. पाचवीत तेही कळत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांत बरेच कुत्रे कडक विश्रांती आणि औषधावर सुधारतात. चौथीपर्यंत ऑपरेशन वेळेत झालं तर दहातले नऊच्या आसपास पुन्हा चालतात. पाचवीत ऑपरेशन करूनही साधारण निम्मेच. म्हणजे चौथी आणि पाचवी यांच्यात फार मोठा खड्डा आहे आणि कुत्रा एका रात्रीत तिथून खाली जाऊ शकतो, म्हणून पाय हलायचे थांबले की "उद्या सकाळी बघू" नाही, तेव्हाच फोन.

चिमट्याबद्दल एक गोष्ट जी बऱ्याच जणांना, म्हणजे मलापण, माहीत नव्हती. बोट दाबल्यावर पाय मागे खेचला म्हणजे दुखलं असं नाही. तो खेचणं मेंदूला न विचारता कण्यातल्या कण्यात होतं. कुत्र्याने मान वळवून बघितलं, कळवळला, चावायला आला, तर ते खरं कळणं. हे घरी पुन्हा पुन्हा करू नका, पण डॉक्टरांना सरळ विचारा की खोल वेदना आहे का आणि किती वाजता तपासली, आणि कागदावर लिहून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना सगळ्यात आधी हेच हवं असतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं. पहिलं म्हणजे त्याला जिथे आहे तिथेच थांबवा. क्रेट असेल तर त्यात, नसेल तर जेवणाच्या टेबलाखाली चारी बाजूंनी खुर्च्या आडव्या लावून खोपा करा, खाली योगा मॅट, वर चादर. घरातली चकचकीत टाइल्स हा अशा कुत्र्यांचा मोठा शत्रू, पाय फाकतात आणि पाठीला पिळा बसतो.

दुसरं, घरातली कुठलीही दुखण्याची गोळी देऊ नका. कुठलीही म्हणजे कुठलीही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात अल्सर करतात, किडनी घालवतात. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी आपल्या देशात २००६ पासून बंदच आहे, गिधाडं मेली म्हणून, पण माणसांचं प्रत्येक घरात पडलेलं असतं. मांजरीला पॅरासिटामॉलची एक गोळी जीव घ्यायला पुरते, तिच्या लिव्हरला ती पचवताच येत नाही, रक्त ऑक्सिजन वाहायचं सोडतं आणि हिरड्या चॉकलेटी होतात. चुकून दिली असेल तर लपवू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. तसंच आधीच्या दवाखान्यात काय टोचलं त्याचं नाव विचारा, नाही सांगितलं तर बाटलीचा फोटो काढा. आपल्याकडे स्टेरॉइड सर्रास टोचतात, आणि वर दुसऱ्या डॉक्टरांनी न कळून मेलॉक्सिकॅम (दुखणं-सूज कमी करणारं औषध) दिलं तर आतड्याला भोकं पडायची भीती असते.

तिसरं, व्हिडिओ. अजून चालत असेल तरच, दोन पावलं चालतानाचा मागून आणि बाजूने काढा, टाइल्सवर नको, पार्किंगच्या खडबडीत जमिनीवर. चालतच नसेल तर पडल्या जागी, शेपूट हलते का, पाय हलतात का एवढं दिसेल असा. दवाखान्यात गेल्यावर कुत्री भीतीने वेगळीच वागतात आणि मांजरी तर दगड होतात.

चौथं, नेणं. ॲक्टिव्हाच्या पुढे उभं करून नेऊ नका, आपल्या पुण्यात सगळे तसेच नेतात माहितीये. पाठ वाकू न देता सपाट फळीवर. आम्ही कॅरमबोर्ड वापरला, हसू नका, कडेला फ्रेम असते त्यामुळे कुत्रा घसरत नाही, वर टॉवेल टाकून ओढणीने सैल बांधली आणि गाडीच्या मागच्या सीटवर दोघांनी धरून. लॅब्रेडॉर असेल तर जाड चादर चौघांनी ताणून. ड्रायव्हरला सांगा स्पीडब्रेकर दिसला की पाय ब्रेकवर, आणि पुण्यात तो न दिसताच येतो.

निघायच्या आधी फोन करून दोनच प्रश्न विचारा. तुमच्याकडे कण्याचं ऑपरेशन करणारे सर्जन आहेत का, आणि प्राण्यांचा एमआरआय कुठे होईल. साध्या एक्स-रेत हाड दिसतं, मोडलेला मणका दिसतो, पण मज्जारज्जू दिसत नाही, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आहे" ऐकून घरी येऊन निवांत बसू नका. एमआरआयला भूल लागते म्हणून वाटेत खायला घालू नका. खर्चाचा आकडाही फोनवरच विचारा, त्यात लाज कसली. सरकारी पर्याय म्हणाल तर औंधला पशु सर्वचिकित्सालय आहे आणि सातारा रस्त्याने शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय. रस्त्यावरचा कुत्रा असेल तर प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था, बावधनची रेस्क्यू किंवा मुंढव्याची ब्लू क्रॉस.

रस्त्यावरच्या कुत्र्याबद्दल मात्र थांबा. मागचे पाय गेलेत, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय असं दिसलं तर घशात हाड अडकलंय समजून तोंडात हात घालू नका. रेबीज नेहमी पिसाळूनच येतो असं नाही, लुळा पाडणाराही असतो. लाळ जखमेवर लागली किंवा दात लागला तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करा.

मांजरीचे मागचे पाय अचानक गेले तर गोष्ट बहुतेक वेळा निराळी असते. ती जोरात ओरडत असेल, मागचे पंजे पुढच्यांपेक्षा गार लागत असतील, तळवे पांढरे किंवा निळसर दिसत असतील तर ते कण्याचं नाही, हृदयाचं आहे. हृदयात झालेली गुठळी सुटून मागच्या पायांच्या रक्तवाहिनीच्या फाट्यावर अडकलेली असते. पाय शेकू नका, चोळू नका, सरळ इमर्जन्सी. आणि गॅलरीतून पडलेली मांजर धावत घरात आली तरी दाखवा, छातीतला मार आणि जबड्याचं फ्रॅक्चर नंतर कळतं. म्हातारी मांजर लंगडत नाही, ती फक्त ओट्यावर उडी मारायचं सोडते आणि आपण म्हणतो शहाणी झाली. २००२ मध्ये आलेल्या एका अमेरिकन पाहणीत १२ वर्षांवरच्या १०० मांजरींचे एक्स-रे बघितले तर ९० जणींच्या सांध्यांत झीज होती.

दोन गोष्टी यात गल्लत होणाऱ्या. म्हाताऱ्या कुत्र्याची मान अचानक तिरकी झाली, डोळे भराभर हलतायत, एकाच बाजूला पडतोय, तर घाबरून अर्धांगवायू म्हणू नका, बरेचदा तो कानातल्या तोलाचा बिघाड असतो आणि दोन-तीन दिवसांत उतार पडायला लागतो. डॉक्टर तरी हवेतच. आणि फिट आली तर चप्पल-कांदा हुंगवणं, तोंडात चमचा घालणं बंद करा, पंखा लावा, आजूबाजूचं फर्निचर सरकवा आणि मोबाइलवर वेळ लावा. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा एका दिवसात दोनदा आली तर वाट बघू नका.

पोमेरेनियन चालता चालता मधेच तीन पायांवर लंगडी घालतो आणि पुन्हा नीट चालतो, ते गुडघ्याच्या वाटीचं, रात्री अकराला डॉक्टरांना उठवायची गरज नाही. लॅब्रेडॉर मागचा एक पाय बाजूला काढून बसतो तेव्हा गुडघ्यातलं लिगामेंट बघायला सांगा, आणि वजन कमी करा त्याचं, प्लीज.

चकलीला चौथ्या पायरीवर असताना दवाखान्यात पोचवलं, खोल वेदना शाबूत होती, त्याच रात्री ऑपरेशन झालं. पण खरी मेहनत नंतर. सगळ्यात अवघड लघवी. ती अंथरुणात थेंब थेंब गळत होती आणि मी खूश की चला, होतेय. तसं नसतं, पिशवी तुडुंब भरून वरून ओसंडत असते. दवाखान्यातल्या मुलाने माझे हात धरून शिकवलं, पोटाच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंनी तळहात लावायचे, भरलेला फुगा लागतो, तो हळूहळू दाबायचा, दिवसातून तीनदा. व्हिडिओ बघून शिकू नका, समोर करून घ्या. दर चार तासांनी कूस बदला नाहीतर हाडाच्या टोकांवर जखमा होतात. महिनाभर क्रेट, बाहेर फक्त शू-शीपुरतं, आईच्या जुन्या सुती साडीची पट्टी पोटाखालून घालून. गळपट्टा बंद, छातीचा पट्टा. आठव्या दिवशी शेपूट हलली तेव्हा आई आणि मी दोघी फरशीवर बसून रडलो.

आता ती चालते, थोडी तिरकी. डावं पाऊल अजून घासतं म्हणून टेकडीवर जाताना त्या पायात बाळाचा मोजा चढवतो, वर कागदी चिकटपट्टी, घट्ट नाही. सोफ्याचे पाय कापून तो जमिनीलगत आणलाय. पाहुण्यांना उठताना त्रास होतो.