सांगलीत पहिले घर घेताना या चुका टाळा: गावात की उपनगरात?

सांगलीत पहिले घर घ्यायचे ठरले की घरातला पहिला वाद बहुधा याच प्रश्नावर होतो: गावात, म्हणजे जुन्या पेठेत घ्यायचे, की विश्रामबाग, विजयनगर, कुपवाडच्या बाजूला जायचे? वडीलधाऱ्यांना मंडई, देऊळ, दवाखाना पायी जाण्याच्या अंतरावर हवा असतो. नव्या जोडप्याला गाडी लावायला जागा आणि खोलीत उजेड-वारा हवा असतो. दोन्ही मागण्या रास्त आहेत. गेल्या काही वर्षांत भाचा, पुतणी आणि शेजारची दोन कुटुंबे यांच्यासोबत घरे पाहत हिंडताना माझ्या मात्र असे लक्षात आले की वाद वस्तीच्या नावावर रंगतो आणि ज्या गल्लीत पुढची वीस वर्षे हप्ते भरत राहायचे, ती गल्ली कोणी धडपणे पाहत नाही. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

उन्हाळ्यात घर पाहून विसार देणे

लग्नसराई आणि अक्षय्य तृतीया यांमुळे आपल्याकडे घर पाहण्याचा हंगाम एप्रिल-मे हा असतो. त्या दिवसांत कोणतीही जागा चांगलीच दिसते, आणि सांगलीसारख्या शहरात ही चूक सर्वांत महाग पडते.

मध्यवस्ती म्हणजे सुरक्षित आणि बाहेरची वस्ती म्हणजे गैरसोयीची, हा सर्वसाधारण समज सांगलीला सरसकट लावता येत नाही, कारण इथली जुनी पेठ कृष्णाकाठी वसली आहे आणि मिरजेच्या दिशेने जाताना जमीन एकंदरीत उंच होत जाते. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षांच्या महापुरांत गावभाग, मारुती चौक, हरभट रोड हा गजबजलेला भाग पाण्यात गेला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते. कोयना धरणातून सोडलेले पाणी कऱ्हाडमार्गे खाली येते आणि सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. त्यामुळे वारणाही भरून वाहत असली की कृष्णेचे पाणी लवकर ओसरत नाही. म्हणजे घरात पाणी आले तर ते काही तासांत जाईल, असा हिशेब इथे धरता येत नाही.

याचा अर्थ उपनगर घेतले की प्रश्न मिटला, असाही नाही. शामरावनगरसारखी वस्ती तुलनेने नवी आहे, पण सखल आहे, जमीन काळी आहे, आणि नदीला पूर नसतानाही नुसत्या पावसाचे पाणी तिथे अनेक ठिकाणी साचून राहते. नदी फुगली की नाल्यांचे पाणी नदीत जाण्याऐवजी मागे फिरते, आणि नदीपासून लांब राहणाऱ्याच्या दारात ते नाल्यातून येते. म्हणून "नदी इथून किती लांब आहे?" हा प्रश्न पुरेसा नसतो.

विचारण्याचा खरा प्रश्न पूरपट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येक सांगलीकराला ठाऊक आहे: आयर्विनला किती फूट झाले की या गल्लीत पाणी येते? भाच्यासाठी गावातल्या एका बोळातला फ्लॅट पाहायला गेलो, तेव्हा दाखवणारे गृहस्थ "इथे कधी पाणी आले नाही" असे ठामपणे सांगत होते. खाली पायरीवर एक आजी शेंगा फोडत बसल्या होत्या. भाच्याने त्यांना सहज विचारले, तर हातातले काम न थांबवता त्या म्हणाल्या, "एकावन्नला बोळाच्या तोंडाशी येतंय बघा, त्रेपन्नला ही पायरी जातीया. एकोणीस साली तर हितं लागलं होतं." आणि त्यांनी मागे न बघता डोक्याच्या वर हात नेऊन भिंतीला टेकवला. भिंतीला नवा रंग होता, पण जिन्याखाली मीटरच्या पेटीमागे, रंगाचा ब्रश पोचला नव्हता तिथे, मातकट रेघ सरळ आडवी गेलेली अजून दिसत होती. फ्लॅट वाईट नव्हता. तिसऱ्या मजल्यावर होता, हवेशीर होता, आणि त्या किमतीत तेवढे क्षेत्र दुसरीकडे मिळाले नसते. पण गाडी, पाण्याची टाकी आणि मीटर तळमजल्यावर आहेत हे समजून मग निर्णय घेणे आणि न समजता घेणे यांत फार अंतर आहे.

तोंडी माहितीला कागदाची जोड द्यावी. जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषांपैकी निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते आणि निळ्या-लाल रेषांच्या मध्ये अटी घालून परवानगी मिळते. आपला गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक कोणत्या पट्ट्यात येतो, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारता येते. त्याच फेरीत झोन दाखलाही (जागा कोणत्या वापरासाठी आहे हे सांगणारा) घ्यावा आणि विकास आराखड्यात जागेवर किंवा शेजारी एखादे आरक्षण वा रुंदीकरणाचा रस्ता आहे का, तेही पाहावे.

जमत असेल तर आवडलेल्या वस्तीत आधी अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहावे आणि त्यात पावसाळा यावा असे पाहावे. ते जमत नसेल, तर निदान जुलैत, भर पावसात, रात्री आठ-नऊच्या सुमारास तिथे एक फेरी मारावी. रस्त्यावर दिवे आहेत का, दुचाकी चिखलात रुतते का, नळाला पाणी किती वाजता येते, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारी अवजड वाहने दाराशेजारून जातात का, हे सगळे त्या एका फेरीत कळते.

स्वस्त गुंठ्याच्या मागे जाणे

उपनगराची खरी जोखीम कागदांत आहे. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये महापालिका झाली, पण त्याआधीपासूनच शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकण्याची पद्धत या भागात रुजली होती. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. मध्यमवर्गीय माणसाला तेवढ्यात सुटसुटीत घर बांधता येते, म्हणून अशा वसाहती भराभर वाढल्या. त्या नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा आला आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला त्याचा लाभ देण्यात आला.

लोकांची चूक अशी होते की "इथली सगळी कॉलनी नियमित झाली आहे" या वाक्यावर ते विश्वास ठेवतात. नियमितीकरण त्या त्या भूखंडाचे होते, आणि त्याचे प्रमाणपत्र त्या भूखंडाच्या नावाने असते. शेजाऱ्याकडे ते आहे याचा आपल्याला काही उपयोग नाही. ते नसेल तर बांधकाम परवाना अडतो, परवाना नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, आणि मग हातउसने आणि सोने गहाण ठेवून घर उभे राहते. अशी घरे मी पाहिली आहेत. राहणाऱ्यांनी ती कष्टाने आणि हौसेने बांधली आहेत, आणि विकायची वेळ आली की त्यांना रास्त भाव मिळत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माधवनगर, बुधगाव, हरिपूर या गावांकडे रस्ता आणि वस्ती सलग असल्यामुळे महापालिकेची हद्द कुठे संपली हे कळतही नाही, पण तिथे ग्रामपंचायत आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दाखवून "ही मालकी" असे सांगितले जाते. तो कर आकारणीचा उतारा आहे. महापालिकेच्या घरपट्टीच्या पावतीचीही तीच गत. मालकीसाठी सातबारा किंवा सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक, त्यामागचे फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) आणि नोंदणीकृत खरेदीखत पाहावे लागते. सातबाऱ्यावर "इतर हक्क" या रकान्यात कोणाचा बोजा आहे का आणि जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, तर नाही ना, हे वकिलाकडून वाचून घ्यावे, आणि ३० वर्षांतले जुने व्यवहार तपासणारा शोध अहवाल घेतल्याशिवाय विसार पावती करू नये. गावठाणाबाहेर ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवाना नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे.

महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी फक्त मोठ्या इमारतींना लागते, असा आणखी एक समज आहे. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील तरच नोंदणीतून सूट मिळते, आणि विक्रीसाठी पाडलेल्या भूखंडांच्या प्रकल्पालाही नोंदणीचा नियम लागू आहे. नोंदणी क्रमांक मागावा आणि संकेतस्थळावर तो स्वतः पाहावा.

फक्त चौरस फुटाचा दर ताडून पाहणे

गावातला दर जास्त, बाहेरचा कमी, म्हणून बाहेरचे घर स्वस्त, हे गणित अपुरे आहे. नवरा-बायको दोघेही कामाला जात असतील आणि एका बाजूचे अंतर दहा किलोमीटर असेल, तर महिन्याच्या २६ दिवसांत एका दुचाकीचे ५२० किलोमीटर होतात. लिटरला ४५ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरले तरी एका गाडीचे बाराशे रुपये आणि दोघांचे चोवीसशे रुपये दरमहा लागतात. मुलांच्या शाळेची गाडी त्याहून वेगळी. त्याच्या शेजारी कर्जाचा हप्ता मांडावा: साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी लाखाला साधारण ८६८ रुपये पडतात. म्हणजे नुसत्या पेट्रोलचे चोवीसशे रुपये हे सुमारे पावणेतीन लाखांच्या कर्जाच्या हप्त्याइतके झाले. बाहेरचे घर पाच लाखांनी स्वस्त दिसत असेल, तर त्यातले निम्म्याहून अधिक इथेच गेले. एसटीची शहरी बस आणि वडाप (सामायिक प्रवासी गाडी) मुख्य रस्त्यावर मिळते. तिथून आत दीड किलोमीटर असलेल्या घरी आई-वडील एकटे कसे येणार-जाणार, हा प्रश्न पैशांत मोजता येत नाही.

दुसरीकडे, गावातल्या फ्लॅटचा खर्चही किमतीपाशी थांबत नाही. ३५ लाखांचा फ्लॅट असेल, तर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सहा टक्क्यांप्रमाणे २ लाख १० हजार आणि नोंदणी फी ३० हजार, असे २ लाख ४० हजार रुपये रोख लागतात, आणि बँक कर्जाची मर्यादा ठरवताना ही रक्कम धरत नाही. खरेदी केवळ महिलेच्या नावे असेल तर शुल्कात एक टक्का सवलत आहे. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर लागत नाही. भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जाण्याची परवानगी) नसलेल्या इमारतीत "पुढच्या महिन्यात येईल" या शब्दावर राहायला जाऊ नये.

जमिनीकडे न पाहता भिंतींकडे पाहणे

कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नसेल, तर घर तिच्याबरोबर हलते. पुतणीसाठी पाहिलेल्या एका रो-हाऊसमध्ये न्हाणीघराचे दार चौकटीला घासत होते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेल्या तिरक्या चिरेत पोस्टकार्ड सहज शिरेल एवढी फट होती. लांबी (पुट्टी) भरून रंग दिला होता, तरी चीर पुन्हा उघडली होती. सरळ उभी केसाएवढी रेघ बहुधा गिलाव्याची असते; कोपऱ्यातून निघणारी तिरकी चीर दिसली तर स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्याची फी काही हजारांत असते. बोअरचे पाणीही चाखून पाहावे. क्षारपड पट्ट्यात ते इतके जड असते की नळ आणि गीझर वर्षभरात पांढरे पडतात. ड्रेनेजची जोडणी नसेल तर शोषखड्डा कुठे आहे आणि तो बोअरपासून किती लांब आहे, हे विचारावे.

चूक आधीच झाली असेल तर

विसार दिल्यानंतर कागदात खोट निघाली, तर घाईने खरेदीखत उरकू नये. विसार पावतीत "मालकी हक्क निर्वेध असल्यास" अशी अट लिहिलेली असेल, तर रक्कम परत मागता येते. म्हणूनच पैसे रोख न देता धनादेशाने द्यावेत आणि पावतीत ही अट आधीच घालून घ्यावी. गुंठेवारीचा भूखंड घेऊन झाला असेल, तर नियमितीकरणासाठी महापालिकेत अर्ज करावा आणि प्रमाणपत्र हाती येईपर्यंत मजला वाढवण्याचा विचार करू नये.

घर पूरपट्ट्यात असेल, तर वीजमीटर आणि मुख्य स्विच पूररेघेच्या वर हलवून घ्यावेत, जमिनीतल्या पाण्याच्या टाकीचे तोंड उंच बांधून घट्ट झाकणाचे करावे, आणि सांडपाण्याच्या नळीला उलटे पाणी अडवणारी झडप बसवावी, कारण दारातून पाणी येण्याआधी ते पुष्कळदा न्हाणीघरातून येते. गृहविम्यात पुराचा समावेश आहे का, हे पॉलिसीत वाचून पाहावे आणि घरातल्या सामानाचा विमाही त्यात घ्यावा. बँकेने कर्जासोबत दिलेला विमा अनेकदा फक्त इमारतीचा किंवा कर्जदाराच्या जीविताचा असतो. खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदणीचा गोषवारा) आणि मंजूर नकाशा यांच्या प्रती वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांकडे ठेवाव्यात. भाच्याने शेवटी तो तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. मीटर पहिल्या मजल्याच्या वळणावर नेण्यासाठी त्याने इतर सभासदांना राजी केले, आणि आयर्विनला ३८ फूट झाले की गाडी विश्रामबागला बहिणीच्या दारात लावायची, हे त्याने आजींना विचारूनच ठरवले आहे.