उनकेश्वरच्या मातीतला नवा जीवाणू: आधी तो एकटा आहे का बघा

१६एसचा (जीवाणूची ओळख पटवणाऱ्या जनुकाचा) रिपोर्ट आला, ज्ञात जातीशी साम्य ९७ टक्के, की लोक पेढे वाटतात. मीही वाटले होते. माझी 'नवी जात' म्हणजे एकाच प्लेटीवर (जीवाणू वाढवायच्या बशीवर) नांदणारे दोन जीवाणू निघाले.

किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरला गरम झऱ्याकाठची माती निर्जंतुक ट्यूबमध्ये घ्या, तापमान आणि पीएच जागेवरच लिहा. बर्फ नेऊ नका, थर्मास पुरतो.

खरी परीक्षा प्लेटीवर. इन्क्युबेटरच्या ६० अंशांना आगार (प्लेटीतली जेली) वितळत नाही, पण वाळतं आणि पाणी सोडतं. झाकणावरचा थेंब खाली पडला की दोन कॉलन्यांची (जीवाणूंच्या ठिपक्यांची) एक होते. म्हणून प्लेटी जाड ओता, उलट्या ठेवा, पिशवीत बंद करा. त्याहून वर जायचं असेल तर आगारऐवजी जेलन गम घ्या, सोबत मॅग्नेशियम किंवा कॅल्शियमचं मीठ. त्याशिवाय ते नीट घट्ट होत नाही.

दुसऱ्या दिवशी प्लेटभर पसरलेलं जे दिसेल त्यावर फुली मारा. तो बहुधा जिओबॅसिलस, उष्णता आवडणारा नेहमीचा जीवाणू. साध्या शेतातल्या मातीतूनही निघतो. मिडियम (जीवाणूंचं खाद्य) दहापट पातळ करा आणि आठवडाभर थांबा. पाचव्या-सहाव्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढं जे उगवतं, ते उचला.

"तीनदा स्ट्रीक केलं की कल्चर शुद्ध" हा सल्ला मला आता ऐकवत नाही. (स्ट्रीक म्हणजे एक कॉलनी उचलून नव्या प्लेटीवर रेघांनी पसरणं.) मी पाच वेळा केलं होतं. ऑक्सिडेज चाचणी आज पॉझिटिव्ह, उद्या निगेटिव्ह. दोन महिने मी रिएजंटला शिव्या घातल्या. मग एका रात्री लाइट गेली, इन्क्युबेटर ४५ अंशांवर आला आणि सकाळी माझ्या पांढऱ्या कॉलन्यांच्या कडेनं पिवळी किनार उगवलेली. ६० अंशांना दबून बसलेला सोबती बाहेर आला होता. तेव्हापासून शुद्धतेची एक प्लेट मुद्दाम ४५ ला आणि एक वेगळ्या मिडियमवर ठेवल्याशिवाय मी पुढं जात नाही. मायक्रोस्कोपखाली लांब काड्यांत आखूड काड्या दिसल्या, तर "वय वेगळं असेल" अशी स्वतःची समजूत काढू नका.

पुढचं सरळ आहे. १६एस दोन्ही बाजूंनी वाचून घ्या, साधारण १,५०० बेस (डीएनएची अक्षरं). ग्राफमध्ये एका जागी दोन शिखरं दिसली तर परत प्लेटीकडे. तुलना फक्त टाइप स्ट्रेनशी (जातीच्या अधिकृत नमुन्याशी). ९८.७ टक्क्यांखाली आलं तर आशा धरा. मग जीनोम (संपूर्ण डीएनए), त्यातल्या साम्याचे दोन आकडे: एएनआय ९५-९६ टक्क्यांच्या खाली, डिजिटल डीडीएच ७० टक्क्यांच्या खाली. फॅटी ॲसिडची तपासणी बाहेरून करून घ्या.

टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या जीवाणू-संग्रहांत जमा करावा लागतो. इथं पुण्याचं एनसीएमआर किंवा चंदीगडचं एमटीसीसी. परदेशी धाडण्याआधी जैवविविधता कायद्याचे कागद पुरे करा, त्याला वेळ लागतो.

ग्लिसरॉल स्टॉकची (गोठवून जपलेल्या कल्चरची) एक व्हायल दुसऱ्या गावच्या लॅबमधल्या फ्रीजरमध्येही ठेवा. आपल्याकडं लाइट कधी जाईल, नेम नाही.