मुस्लिम देशांतील धर्म आणि राज्यसंस्था : लघुप्रबंधाची सुरुवात कशी करावी

वडोदऱ्यात राज्यशास्त्राचे एम.ए. करणारे आपले मराठी विद्यार्थी ‘इस्लाम आणि राजकारण’ एवढेच मनाशी ठरवून हंसा मेहता ग्रंथालयात बसतात आणि महिन्याभरात दोन वह्या भरतात. टिपणे भरपूर होतात, प्रश्न मात्र सापडलेला नसतो. म्हणून आधी एक देश आणि त्याच्या घटनेतले एकच कलम निवडावे. इस्लाम काय सांगतो, हे धर्मशास्त्राच्या अभ्यासकांकडे सोपवावे. त्या देशात ते ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे आपण शोधायचे.

इजिप्तच्या १९७१ च्या घटनेत, दुसऱ्या कलमानुसार, शरियतची तत्त्वे कायद्याचा ‘एक प्रमुख स्रोत’ होती. १९८० च्या दुरुस्तीने अरबी पाठात ‘अल’ हे उपपद आले, ‘एक’ गळाले आणि ती एकमेव ‘प्रमुख स्रोत’ ठरली. येथेच थांबून देश शरियतकडे वळला असे लिहिणाऱ्याने १९८५ चा सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाचा निकाल वाचलेला नसतो. थकीत रकमेवरचे व्याज शरियतविरोधी आहे, अशी हरकत खुद्द अल-अझहर या कैरोच्या इस्लामी विद्यापीठाने घेतली होती. दुरुस्त कलम १९८० नंतरच्या कायद्यांनाच बांधते, जुन्या दिवाणी संहितेला नाही, असे सांगून न्यायालयाने ती फेटाळली. दहाव्या शतकापासूनचे विद्यापीठ हरले, आणि कलमाचा अर्थ लावण्याचे काम न्यायाधीशांकडे राहिले.

तुलनेसाठी इराण घ्यावा. तेथे संसदेचा प्रत्येक कायदा बारा जणांच्या पालक परिषदेकडे जातो, आणि तो इस्लामशी सुसंगत आहे की नाही, हे त्यांतल्या सहा फकीहांच्या, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांच्या, बहुमताने ठरते. तुर्कस्तानात ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत रद्द झाली, त्याच दिवशी सरकारी धर्मव्यवहार संस्थाही स्थापन झाली. धर्मनिरपेक्ष म्हणवणारे राज्य आजही इमामांना पगार देते.

ओळखीच्या शब्दांपासून जपावे. आपल्या बोलण्यात ‘दौलत’ म्हणजे पैसा, मोडी कागदांत राज्य. आजच्या अरबीत ‘दौला’ म्हणजे राज्यसंस्था, पण मध्ययुगीन ग्रंथांत बहुधा एखाद्या घराण्याची सत्ता. तेथे आधुनिक राज्य वाचले, तर पुढची सगळी मांडणी चुकते.

पहिल्या प्रकरणात कलमाचे मूळ आणि दुरुस्त पाठ तारखांसह शेजारीशेजारी द्यावेत आणि त्यांखाली निकालाचा सारांश लिहावा. सिद्धान्तांची चर्चा दुसऱ्या प्रकरणापर्यंत थांबू शकते.