वावरात निघताना नुसता चहा नको

नुसत्या काळ्या चहावर कापूस वेचायला गेलं की दहा-अकराला हातपाय गळतात, चिडचिड होते. निघण्याआधी अर्धी ज्वारीची भाकर आणि चमचाभर जवसाची चटणी खाच. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजा आणि आठवड्यापुरतंच कुटा, नाहीतर खवट होतं. दुपारी वरणावर लिंबू पिळा, म्हणजे डाळीतलं लोह अंगी लागतं. चहा जेवणानंतर तासाभराने. लगेच घेतला तर लोह वाया जातं, आणि लोह कमी पडलं की थकव्यासोबत मनही खचतं.

ऑस्ट्रेलियातल्या २०१७च्या अभ्यासात १२ आठवडे आहार सुधारल्यावर अनेकांचं नैराश्य उतरलं; बहुतेकांचे उपचार मात्र चालूच होते. म्हणून गोळ्या स्वतःहून थांबवू नका. उदासी दोन आठवडे हटली नाही तर १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर (टेलि-मानस) फोन करा, मराठीत बोलता येतं.