प्रकल्पातले आणि प्रबंधातले संदर्भ : या चुका टाळा

संदर्भातल्या बहुतेक चुकांचं मूळ टिपणं काढण्याच्या वेळेत असतं. पुस्तक ग्रंथालयात परत गेलेलं असतं, वहीत उतारा असतो, पण पान क्रमांक नसतो. उतारा जसाच्या तसा उतरवला की आपल्या शब्दांत लिहिला, हेही आठवत नाही. म्हणून पुस्तक हातात असतानाच आतलं शीर्षकपान आणि त्यामागचं पान, अशा दोन पानांचे फोटो काढून ठेवा. मुखपृष्ठावर आवृत्ती आणि वर्ष सहसा मिळत नाही, या पानांवर मिळतं. प्रत्येक टिपणाआधी पान क्रमांक लिहा. शब्दशः घेतलेल्या मजकुराला तिथल्या तिथे अवतरणचिन्हं घाला.

पुढची उदाहरणं एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) या संदर्भपद्धतीच्या सातव्या आवृत्तीनुसार आहेत. विभागाने एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) पद्धत सांगितली असेल, तर कंसात वर्ष येत नाही. आडनाव आणि पान क्रमांक येतो. एकाच प्रकल्पात दोन्ही पद्धतींची सरमिसळ करू नका.

शब्द बदलले, वाक्य तेच

समजा, मूळ वाक्य असं आहे : ‘१९७२च्या दुष्काळात हमीच्या कामांवर ग्रामीण स्त्रियांची संख्या लक्षणीय होती.’ विद्यार्थी लिहितो : ‘१९७२च्या अवर्षणात हमीच्या कामांवर खेड्यातल्या बायकांचं प्रमाण मोठं होतं.’ इथे तीन-चार शब्द बदलले, पण वाक्याची चौकट जशीच्या तशी राहिली. खाली संदर्भ दिला तरी हे स्वतःच्या शब्दांत मांडणं होत नाही. मूळ मजकूर मिटवून ठेवा, मुद्दा आठवून लिहा आणि मग ताडून पाहा. तरीही चौकट तीच येत असेल, तर सरळ अवतरण द्या. अवतरण ४० किंवा त्याहून अधिक शब्दांचं असेल, तर ते वेगळ्या परिच्छेदात, आत सरकवून, अवतरणचिन्हांशिवाय द्यायचं.

मराठी माध्यमात याहून जास्त दिसणारी चूक म्हणजे इंग्रजी लेखाचा अनुवाद करून तो आपला मजकूर म्हणून देणं. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर तो अनेकदा पकडत नाही, पण विषय जाणणारा परीक्षक दुसऱ्या परिच्छेदातच ओळखतो. भाषा बदलली म्हणून विचाराचा मालक बदलत नाही, तेव्हा संदर्भ द्यायलाच हवा.

‘दहा टक्के चालतं’ हा समजही सोडा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य असेल, तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि त्यापुढे नोंदणी रद्द होते. रीतसर श्रेय दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची मात्र या मोजणीतून वगळायची असतात. त्यामुळे टक्का उतरवण्यासाठी अवतरणं मोडून शब्द फिरवणं हा उलटा उपाय आहे : मोजणीतून सुटणारा मजकूर तुम्ही स्वतः मोजणीत आणता.

न पाहिलेलं पुस्तक सूचीत

जुना ग्रंथ तुम्ही एखाद्या समीक्षकाच्या लेखातून उचलला असेल, तर सूचीत त्या समीक्षकाचा लेख येईल. मजकुरात मूळ लेखकाचं नाव घ्या आणि कंसात ‘उद्धृत’ लिहून हातातल्या लेखाचा तपशील द्या. मूळ ग्रंथ पाहिल्याचं भासवलं, तर समीक्षकाने चुकवलेला पान क्रमांकही तुमच्या नावावर जमा होतो.

आवृत्तीचंही तसंच. जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ १८७३चं. ते तुम्ही धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेल्या १९६९च्या ‘समग्र वाङ्मया’त वाचलं, तर पान क्रमांक १९६९च्या पुस्तकाचे असणार. ‘फुले, १८७३’ लिहून ते पान दिलं, की वाचक चुकीच्या पुस्तकात शोधत बसतो. कंसात ‘फुले, १८७३/१९६९’ असं लिहा. जुन्या पुस्तकावर फक्त शक असेल, तर त्यात ७८ मिळवा. १ जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी ७९ मिळवायचे. महिना माहीत नसेल, तर शक जसाच्या तसा ठेवणं अधिक प्रामाणिक.

लेखक कोण, इथेच घोटाळा

मराठी विश्वकोशातल्या नोंदीला प्रमुख संपादकांचं नाव लेखक म्हणून जोडलेलं सर्रास दिसतं. नोंदीच्या अगदी शेवटी उजवीकडे पाहा : आडनाव, मग नाव किंवा आद्याक्षरं. लेखक तो. संपादकांचं नाव खंडाच्या तपशिलात जातं.

शासन निर्णयाखाली उपसचिवांची सही असते, पण लेखक म्हणून विभागाचं नाव द्यायचं. सोबत निर्णयाचा क्रमांक, दिनांक आणि शेवटच्या परिच्छेदात छापलेला १८ अंकी संकेतांक घ्या. संकेतस्थळाची रचना बदलून दुवा तुटला, तरी संकेतांकावरून निर्णय शोधता येतो. वर्तमानपत्राच्या बातमीला दिनांकाबरोबर आवृत्तीही लिहा. पुणे आणि नागपूर आवृत्तीचं पान तीन सारखं नसतं.

चॅटबॉटने दिलेला संदर्भ तपासल्याशिवाय वापरू नका. खरा लेखक, खरं नियतकालिक आणि अस्तित्वात नसलेला लेख अशी जोडणी ही साधनं सहज करतात. डीओआय क्रमांक (ऑनलाइन लेखाची कायमस्वरूपी ओळख) असेल, तर तो उघडून शीर्षक जुळतं का पाहा. प्रत्यक्ष लेख सापडला नाही, तर संदर्भ काढून टाका आणि त्यावर उभा केलेला मुद्दाही.

जमा करण्याआधी

तळटिपा वापरत असाल, तर ‘तत्रैव’ (म्हणजे आधीच्या टिपेतलंच पुस्तक) सगळ्यात शेवटी लिहा. मध्ये एक नवी टीप घुसली, की खालचं ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतं. तोवर प्रत्येक टिपेत लेखकाचं आडनाव आणि छोटं शीर्षक ठेवा.

सूची वर्डमध्ये सॉर्ट केल्यावर ‘क्षीरसागर’ बहुधा ‘क’मध्ये जाऊन बसतात. तुमच्या विभागात ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ‘ह’नंतर घेत असतील, तर ती नावं हाताने हलवावी लागतील. मजकुरात लेखकाचं नाव देवनागरीत आणि सूचीत रोमन लिपीत असेल, तर जुळणी करताना वाचक अडखळतो. दोन्हीकडे लिपी एकच ठेवा.

शेवटी सूचीची छापील प्रत समोर ठेवा. फाइलमध्ये कंट्रोल-एफ दाबून सुरुवातीचा कंस शोधा आणि सापडलेल्या प्रत्येक संदर्भासमोर सूचीत खूण करा. खूण न झालेली नोंद मजकुरात वापरलेली नाही, ती काढा. मजकुरात असून सूचीत नसलेली नोंद त्याच वेळी भरा.