सोलर बसवायच्या आधी गच्चीवर काय काय बघून ठेवाल

इंदुरात घरावर सोलर पॅनल लावायचे असतील, तर वेंडरला फोन करण्याआधी एका स्वच्छ दुपारी स्वतः गच्चीवर जा आणि दक्षिण नक्की कुठे आहे ते ठरवा. मोबाइलचं होकायंत्र चालेल, पण सळ्या आणि लोखंडी जिन्यापासून दूर उभं राहून, कारण लोखंडाजवळ ते भरकटतं. मला काठीवर जास्त भरवसा वाटतो. ओळंब्यात उभ्या केलेल्या काठीची सावली सगळ्यात आखूड होते, तेव्हा ती नेमकी उत्तर दाखवते. इंदूर प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरंच पश्चिमेला असल्यामुळे ही वेळ बाराला न येता साडेबाराच्या मागेपुढे येते. जून आणि जुलैच्या सुरुवातीला मात्र हा प्रयोग नको. कर्कवृत्त आपल्या जरासंच उत्तरेला आहे, त्या दिवसांत सूर्य डोक्यावर येतो आणि सावली उरतच नाही.

स्लॅबची सपाट गच्ची असेल तर दिशेची काळजी निम्मी मिटली, कारण पॅनल ज्यावर बसवतात ते स्ट्रक्चर हवं तिकडे वळवता येतं. तोंड दक्षिणेला आणि उतार २० अंशांच्या आसपास ठेवा. आपला अक्षांश २२.७ आहे, त्यामुळे वर्षभराच्या हिशेबाला हा कोन जुळतो. १० अंशांपेक्षा सपाट नको, पावसानं धूळ धुऊन जात नाही. कवेलूचं किंवा पत्र्याचं उतरतं छत असेल तर आहे ती दिशा स्वीकारावी लागते. पूर्व किंवा पश्चिम उतारावर दक्षिणेच्या तुलनेत साधारण आठ-दहा टक्के वीज कमी मिळते. तेवढ्यासाठी बेत सोडू नका. उत्तरेच्या चांगल्या तीव्र उतारावर मात्र पाचवा हिस्सा जातो, आणि हिवाळ्यात त्याहून जास्त. तिथे मी पॅनल लावू देणार नाही. दोन दिशांना पॅनल विभागणार असाल, तर दोन एमपीपीटीचा (म्हणजे पॅनलच्या दोन साखळ्या वेगवेगळ्या सांभाळून प्रत्येकीतून जास्तीत जास्त वीज काढणारा) इन्व्हर्टर आहे ना, हे आधीच विचारून घ्या. वेगवेगळ्या दिशांचे पॅनल एकाच साखळीत जोडले की कमी ऊन मिळणारे बाकीच्यांनाही मागे खेचतात.

दिशेपेक्षाही मला सावलीची धास्ती जास्त वाटते. २२ डिसेंबरच्या आसपास इंदुरात भर दुपारीसुद्धा सूर्य जेमतेम ४४ अंश वर असतो, म्हणजे वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी पडते, आणि सकाळी नऊला तर कितीतरी लांब. म्हणून दक्षिणेकडची पाण्याची टाकी, जिन्याची खोली, कठडा, शेजारचा आंबा, सगळ्यांची उंची मोजून लिहून ठेवा. राजेंद्रनगर, लोकमान्य नगरसारख्या जुन्या वस्त्यांत शेजारी बैठं घर असेल, तर उद्या तिथे तीन मजले उठतील हे धरूनच जागा निवडा. टाकी हलवता येत असेल तर आत्ताच उत्तरेच्या कोपऱ्यात न्या.

जागेचा अंदाज सोपा आहे: एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट, आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट. स्ट्रक्चरचे पाय रोवण्याआधी वॉटरप्रूफिंग उरकून घ्या, नंतर ते फार अवघड जातं. पापड-कुरडयांसाठी गच्ची मोकळी हवी असेल तर उंच स्ट्रक्चर मागा.

शेवटी कागद. वीजबिल कोणाच्या नावावर आहे ते बघा. जुन्या घरांत ते अजून आजोबांच्या नावावर असतं, तर आधी नाव बदलून घ्या. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती सिस्टीमला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण पॅनलमधले सेलही भारतात बनलेले लागतात. कोटेशनमध्ये ‘डीसीआर’ (या देशी मालाच्या अटीचं इंग्रजी लघुरूप) हा शब्द, पॅनलची दिशा, उतार आणि वर्षाचे अपेक्षित युनिट लिहून मागा.