कायदा शिकताय? बेळगावात लोकांच्या कामाची इंटर्नशिप अशी करा

खानापूर तालुक्यातली एखादी आजी कोर्टाच्या आवारात येते, तेव्हा तिच्या हातात फाइल नसते, कापड दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी असते. पिशवीत कन्नडमधली नोटीस, झेरॉक्स केलेला उतारा, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, लाइट बिल आणि कधी कधी सासऱ्याच्या काळातलं पिवळं पडलेलं मराठी खरेदीखत, सगळं एकात एक घडी घातलेलं. आजीला कन्नड वाचता येत नाही. समोरच्या कारकुनाला मराठी समजतं, पण त्याला लिहून घ्यायचं असतं कन्नडमध्ये. या दोघांच्या मधे जी जागा रिकामी राहते, ती तुमची.

कॉलेजात याला 'क्लिनिकल' शिक्षण म्हणतात. घरी तसं सांगितलंत तर आई विचारेल, कुणाला बरं नाही? तिचं फारसं चुकत नाही, कारण शब्द वैद्यकाकडूनच आलाय. रोग्याच्या खाटेशी उभं राहून डॉक्टर व्हायचं, तसं पक्षकाराच्या पिशवीशी बसून वकील व्हायचं. मी बेळगावात वकिली करतो, दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी माझ्याबरोबर बसतात. त्यांना जे तोंडी सांगतो ते इथे लिहितो.

आधी आठवडे मोजा

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते. एका वर्षात सलग ४ आठवड्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. स्वयंसेवी संस्था, वकील, न्यायसंस्था, स्थानिक स्वराज्य संस्था असे पर्याय आहेत, पण एकदा तरी खालच्या कोर्टात आणि अपिलात काम करणाऱ्या वकिलांकडे बसावंच लागतं. म्हणजे सगळे आठवडे संस्थेत घालवता येणार नाहीत. निम्मे तरी घालवा, असं माझं मत.

बहुतेक मुलं हे शेवटच्या वर्षावर ढकलतात आणि मग ओळखीच्या वकिलाकडून नुसतं सर्टिफिकेट आणतात. ज्यांना तेवढंच हवं आहे त्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल.

जागा निवडताना काम बघा, पाटी नको

सगळ्यात जवळचं दार म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्याखाली ते चालतं आणि कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कामगार आणि कोठडीत असलेले यांना मोफत वकील मिळतो. यात उत्पन्नाची अट नाही, ती इतरांसाठी. पुष्कळ बायकांना हे ठाऊकच नसतं. "आमचं पिवळं कार्ड नाही, आम्हाला कोण देणार वकील?" असं विचारतात. तालुक्याच्या गावी विधी सेवा समिती असते. खानापूर किंवा चिकोडीचे असाल तर रोज बेळगावची बस धरायची गरज नाही. हिंडलग्याच्या कारागृहातल्या कैद्यांसाठी काम करायचं असेल तरी वाट प्राधिकरणातूनच जाते. थेट जेलच्या दारात जाऊन उभं राहू नका.

तुमच्या कॉलेजातही विधी साहाय्य केंद्र असतं, कारण बार कौन्सिलच्या नियमांनी ते सक्तीचं केलंय. पुष्कळ ठिकाणी ते बंद कपाटात असतं. प्राध्यापकांच्या मागे लागून ते उघडायला लावणं हाही अनुभवच.

संस्थांमध्ये कामाप्रमाणे निवडा. घटप्रभेला 'मास' ही माजी देवदासींनी उभी केलेली संस्था आहे. सौंदत्तीचं यल्लम्माचं देऊळ याच जिल्ह्यात आणि देवदासी सोडण्यावर कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने बंदी घातली. तिथे कायदा कागदावर कसा आहे आणि घरात कसा आहे, हे एकाच दिवसात दिसतं. निपाणी भागात विडी आणि तंबाखूच्या कामातल्या बायकांचे प्रश्न आहेत: पीएफ, ओळखपत्र, घरी बसून केलेल्या कामाची मजुरी. खानापूरच्या जंगलपट्ट्यात, भीमगड अभयारण्याच्या आसपास, वनहक्काचे दावे आहेत. या दाव्यात गावातल्या जाणत्यांचा जबाब लिहून काढला तर तो पुरावा म्हणून चालतो, फक्त तो दावेदाराचा स्वतःचा नसावा. आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहिल्याचं दाखवावं लागतं. ऐंशी वर्षांच्या काकांकडून हे मराठीत ऐकून नीट मांडणारा मुलगा मिळाला, तर कुठलीही संस्था त्याला चहा पाजून ठेवून घेईल.

विचारायला कसं जावं

एक पानी पत्र. इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये, संस्थेच्या सोयीप्रमाणे. तारखा, वर्ष, कॉलेजचं पत्र, आणि एक ओळ ठळक: मला मराठी, कन्नड, हिंदी यातलं किती बोलता, वाचता, लिहिता येतं. मूट कोर्टाची, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यांची, बक्षिसं खाली टाका. 'मराठी मातृभाषा, कन्नड वाचतो, लिहिताना अडखळतो' हे खरं लिहिलंत तर काम तसं मिळतं. 'कन्नड उत्तम' असं लिहून पहिल्याच दिवशी नोटीस उलटी धरलेली मुलं मी पाहिली आहेत.

तारीख ठरवताना उन्हाळ्यातली दिवाणी कोर्टांची सुट्टी लक्षात घ्या. त्या काळात कोर्ट बघायला मिळत नाही, पण गावात फिरायला संस्थेला माणूस हवा असतो. राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधीचे दोन आठवडे मिळाले तर सोडू नका. तडजोड कशी होते आणि कशी करवली जाते, दोन्ही दिसतं.

ऐकायला बसा

इथे थोडं थांबू, कारण सगळं इथेच घडतं आणि इथेच बिघडतं.

विद्यार्थी असताना एका संस्थेत मी पहिल्या आठवड्यात एका मावशींची माहिती लिहून घेतली. त्या म्हणाल्या, "नवऱ्यानं सोडलंय." मी फॉर्मवर इंग्रजीत लिहिलं, घटस्फोटित. दोन आठवडे फाइल तशीच फिरली. पोटगीचा अर्ज टाइप होताना मॅडमनी विचारलं, घटस्फोटाचा हुकूम कुठाय? हुकूम नव्हताच. नवऱ्यानं टाकलं होतं, एवढंच. सोडलं, टाकलं, नांदवत नाही, माहेरी धाडलं, सोडचिठ्ठी दिली, या पाचांचे कायद्यात पाच वेगळे अर्थ निघतात. पहिल्या चारांत लग्न अजून शाबूत आहे.

तेव्हापासून वहीच्या पानावर मधे रेघ मारतो. डावीकडे माणूस बोलला ते त्याच्याच शब्दांत, मराठीत, बेळगावी बोलीत असेल तर तसंच. उजवीकडे कायद्याचा शब्द, पण तो नंतर, वकिलाला विचारून. डावी बाजू कधी सुधारायची नाही.

तारखांचंही तसंच. "केव्हा झालं?" या प्रश्नाला तारीख मिळत नाही. "सौंदत्तीच्या जत्रेच्या आधी", "महापुराच्या साली", "धाकटा बालवाडीत होता तेव्हा" अशी उत्तरं येतात. ती खरी असतात, अगदी बिनचूक असतात, फक्त कॅलेंडरवर आणावी लागतात. महापुराची साल म्हणजे २०१९ चा ऑगस्ट का, हे परत विचारून घ्या, कारण नदीकाठच्या माणसाला पूर एकच नसतो. मुदतीचा प्रश्न आला की या एका उत्तरावर दावा तरतो किंवा बुडतो.

भावाने कागदावर सही घेतली असं कुणी ताई म्हणाली, तर लगेच हक्कसोडपत्र समजू नका. विचारा: कुठे बसून सही केली? सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात अंगठा घेतला का, फोटो काढला का, की घरीच कोऱ्या कागदावर? वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा जन्मापासूनचा, २००५ मध्ये वारसा कायदा बदलला तेव्हा वडील हयात असोत वा नसोत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. पण तिने रीतसर हक्क सोडला असेल, तर प्रश्नच वेगळा होतो.

सीमेवरची एक खास गोष्ट. मुलगी बेळगाव तालुक्यातली, दिलेली चंदगडला. मारहाण तिकडे झाली, ती आता माहेरी आहे. घरचे समजतात की केस महाराष्ट्रातच घालावी लागणार. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात, कलम २७ प्रमाणे, ती तात्पुरती राहते तिथेही अर्ज करता येतो. हे वकील सांगतील. तुमचं काम एवढंच, की ती सध्या कुठे राहते आणि त्याचा कागद काय, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवणं.

कागद वाचायला शिका

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुनी खतं मराठीत सापडतात, त्याहून जुनी मोडीत. आजचा उतारा मात्र भूमी प्रकल्पाच्या कॉम्प्युटरवरून कन्नडमध्ये निघतो. एकाच सर्व्हे नंबरची गोष्ट दोन लिप्यांत असते, आणि नावं दोन्हीकडे सारखी नसतात. आजोबा खरेदीखतात 'कृष्णा', उताऱ्यात 'क्रिष्णाप्पा'. अशी तफावत दिसली की खूण करा. उताऱ्यात रकाना ९ मध्ये कब्जेदाराचं नाव आणि ११ मध्ये बोजा आणि इतर हक्क असतात. निदान एवढे दोन रकाने आणि कन्नड अंक पहिल्या आठवड्यात यायला हवेत.

सारखे दिसणारे शब्द फसवतात. कन्नडमध्ये 'तकरारु' म्हणजे हरकत. आपल्या तक्रारीला ते 'दूरु' म्हणतात. 'गडुवु' म्हणजे मुदत. 'विचारणे' म्हणजे सुनावणी किंवा चौकशी, कुणी तुम्हाला सहज काही विचारतंय असं नव्हे. असे पन्नास शब्द वहीच्या मागच्या पानावर जमवा.

सरावाला माहिती अधिकाराचा एक अर्ज स्वतः करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो, म्हणजे इथे कन्नडमध्ये. कर्नाटकाच्या नियमांत एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. दीडशे शब्दांत नेमका प्रश्न विचारणं हे तीन तासांच्या पेपरपेक्षा अवघड, करून बघा.

भाषेवरून कुठे अडवलं तर राज्यघटनेचं कलम ३५० वाचून ठेवा: गाऱ्हाण्याचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं. पण आजीच्या वारसा नोंदीचं भांडण सीमाप्रश्नाचं करू नका. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो लागेल तेव्हा लागेल. आजीला पीककर्ज या हंगामात हवंय. अर्ज कन्नडमध्ये दिल्याने काम होत असेल तर तो कन्नडमध्ये द्या, आणि देण्याआधी तो तिला मराठीत वाचून दाखवा. तिने ऐकल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही.

काय करायचं नाही

वकीलपत्रावर सही नाही, कोर्टात उभं राहून बोलणं नाही, "तुमची केस शंभर टक्के जिंकणार" हे तर नाहीच. कुणी शंभर रुपये हातात कोंबले तर परत द्या. भाजी-भाकरी आणली तर खा, नाही म्हटलेलं लागतं.

पक्षकार वकिलाला जे विश्वासाने सांगतो त्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं संरक्षण आहे, आणि ते दुभाष्याला आणि वकिलाच्या कारकुनालाही लागू आहे. दुभाषा म्हणून बसलात की ऐकलेलं तिथेच ठेवायचं. नोटिशीचा फोटो मित्रांच्या ग्रुपवर 'हा शब्द कुणाला कळतो का' म्हणून टाकणं हाही भंगच. अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचं नाव किंवा गाव कुठेही उमटू देऊ नका.

दुभाषा असताना मधे स्वतःचं घालू नका. आजी पाच मिनिटं बोलली आणि तुम्ही वकिलाला एका वाक्यात सांगितलंत, तर उरलेलं कुठे गेलं?

डायरी आणि शेवटचा दिवस

इंटर्नशिपची डायरी सक्तीची आहे. तुमचे मार्गदर्शक आणि कॉलेजचे प्राध्यापक दोघंही ती तपासतात. पक्षकाराशी झालेल्या दोन मुलाखती आणि कागदपत्रं तयार करून दाखल करण्याची पद्धत यांना प्रत्येकी १५ गुण असतात. 'आज सरांबरोबर कोर्टात गेलो, खूप शिकायला मिळालं' याला मी काहीच देणार नाही. आज काय कळलं नाही ते लिहा. नावांऐवजी आद्याक्षरही नको, 'पक्षकार ३' असं लिहा.

शेवटच्या दिवशी प्रत्येक फाइलला एक पान जोडा: काय झालं, काय राहिलं, कुठला कागद कुणाकडे आहे, पुढची तारीख. मूळ कागद परत दिले असतील तर पोच. आणि आजीला फोन करून सांगा की उद्यापासून मी नाही, तिथे अमुक ताई भेटतील, त्यांचं नाव सांगा. पिशवी परत देताना कागद वर्षांप्रमाणे लावून द्या, वर जाड अक्षरात मराठीत लिहा: 'ही नोटीस, ही तारीख, येताना हा उतारा आणायचा.' पुढच्या महिन्यात ती पिशवी दुसऱ्याच कुणा विद्यार्थ्यापुढे उघडली जाणार आहे.